गाढवाचं नाक

माझा धाकटा भाऊ मातीची जनावरं घडवतो. माणसांशी त्याचं जमत नाही. लग्न नाही, मित्र नाहीत, दारावरची बेलसुद्धा स्वतःच्या हाताने उपटून टाकलेली. किल्ली फक्त माझ्याकडे, म्हणजे सगळी कटकटही माझ्याचकडे. न्यूमोनिया होऊन दवाखान्यात पडला, धड श्वास घेता येईना, तरी पहिलं वाक्य काय? "ताई, गाढवाची फडकी ओली ठेव."

माती वाळली की तडकते, म्हणून अर्धवट पुतळा ओल्या फडक्यांत गुंडाळतात. एवढं मलाही ठाऊक आहे.

"नाक तेवढं उघडं ठेव हं."

"का रे बाबा?"

"सांगतो ते कर ना!"

दुपारी त्याच्या कामाच्या खोलीत गेले. बाहेर लख्ख ऊन, आत अंधूक उजेड आणि ओल्या मातीचा वास. मधोमध खऱ्याएवढं गाढव, कान पाडून उभं. पाणी शिंपडता शिंपडता माझी कंबर धरली. नाकाच्या कडा सुकायला लागल्या होत्या. उद्या तडकलं की बोलणी मीच खाणार! तापात माणूस काहीही बरळतो, असं पुटपुटत मी एक जुनी निळी चादर फाडली, चिंब भिजवली आणि नाकातोंडावरून घट्ट आवळून बांधली.

कुलूप लावताना आत काहीतरी फुरफुरलं. नळात हवा धरली असेल, म्हटलं.

वॉर्डात पोहोचले तर धावपळ चाललेली. भावाचे ओठ काळेनिळे, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क.

"सकाळपर्यंत सुधारत होते," डॉक्टर म्हणाले. "अचानक काय झालं, कळत नाही."

भावाने माझं मनगट धरलं. मास्कच्या आतून एवढंच आलं, "ताई... नाक..."

असा संताप आला मला! त्याचा, गाढवाचा आणि माझ्या शहाणपणाचा. टॅक्सीत रडत, शिव्या देत परत गेले. चादर नाकपुड्यांत आत ओढली गेली होती. गाठ सुटेना, शेवटी हिसकाच मारला. तोंडावरचा तुकडा जागेवर नव्हता. उरलेली कड चघळल्यासारखी झाली होती... आणि कोमट होती.

तेवढ्यात फोन वाजला. वॉर्डातली नर्स.

"घाबरू नका, श्वास नीट चाललाय आता. पण तोंडात असलं काहीतरी कुणी घालू दिलं हो त्यांना? घशात अडकलं होतं."

"काय... अडकलं होतं?"

"चिंधी. निळी. मातीने बरबटलेली."

भाऊ उद्या घरी येतोय. गाढव वाळू द्यायचं की जन्मभर ओलं ठेवायचं, विचारलं तर म्हणतो, "वाळू देऊ नकोस. तू आहेस ना!" अरे, मी तुझ्याहून मोठी, जिना चढताना माझाच जीव जातो. मी गेल्यावर तुझी बादली कोण भरणार, हा विचार या शहाण्याला शिवत नाही!

आज चडफडतच बादली भरली आणि दाणकन खाली ठेवली. मान वर केली. भावाने पाडून घडवलेले ते कान ताठ उभे होते.