अठरावा आवाज

तुम्हाला पटेल न पटेल, पण यात पदरचा एकही शब्द घातलेला नाही. त्या संध्याकाळी मी तिथेच होते.

२० डिसेंबर २०२२. मंगळवार. भिवंडीत टेमघरचा एक हॉल.

माझे बाबा, बाळाराम सर, कॉलेजात शारीरिक शिक्षणाचे प्राध्यापक. तीस वर्षं नोकरी झालेली. दर मंगळवारी ते मुलींना स्वसंरक्षण शिकवायचे. मी मदतीला असायचे. शिस्त कडक. साडेपाचला दार बंद म्हणजे बंद.

जवळच्या वळ गावची हेमाली गोडाऊनमधली ड्युटी संपवून यायची. आदल्या मंगळवारी तिला दहा मिनिटं उशीर झाला. बाबांनी आत घेतलं नाही. ती तशीच परत फिरली...

वाटेत तिला ट्रेलरने उडवलं. जागीच गेली.

आठवडाभर बाबा धड जेवले नाहीत. तरी क्लासला आले.

मुली ओळीत उभ्या राहिल्या. नेहमीसारखे आकडे म्हणू लागल्या. एक, दोन, तीन... शेवटी उन्नती. सतरा.

आणि तिच्या पलीकडून...

"अठरा."

पळत आल्यासारखा, धाप लागलेला आवाज.

पलीकडे कुणीच नव्हतं.

बाबांनी पुन्हा मोजायला लावलं.

पुन्हा तेच.

दोघीतिघी रडायला लागल्या. बाबा त्या रिकाम्या जागेसमोर जाऊन उभे राहिले. हळूच म्हणाले, "थांब बाळा. आज शिकवतो."

आणि त्यांनी खरंच तासभर शिकवलं. धरलेलं मनगट कसं सोडवायचं ते. जोड्या लावल्या तेव्हा उन्नती एकटी उरली. ती हात पुढे करून नुसतीच उभी होती...

क्लास सुटल्यावर ती माझ्याजवळ आली.

"ताई, माझा हात कुणीतरी धरलेला. जोरात नाही... नवीन शिकणारी धरते तसा."

दुसऱ्या दिवशी आम्ही वळला गेलो. बाबांनी हेमालीच्या आईला, जानकीबाईंना, सगळं खरं सांगितलं.

त्या म्हणाल्या, "पोर बोलायची, सरांच्या क्लासात मना भ्या वाटत न्हाय."

बाबा तिथेच ओट्यावर बसून रडले. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

तो आवाज पुन्हा आला नाही.

बाबा आता रिटायर झालेत. क्लास मी घेते. मी घरी आले की ते एकच विचारतात, आज किती होत्या?

मी आकडा सांगते.

"तेवढ्याच?"

कधी कधी वाटतं, एक जास्त सांगावी.

पण मी म्हणते, तेवढ्याच...