कोणाचाच नसलेला तुकडा

"उद्या सकाळी माझ्या वडिलांची अन्ननलिका काढणार आहेत," मुलगी म्हणाली, "आणि तो कॅन्सर त्यांचा नाहीच."

गुप्तहेर बाईंनी नुसता चष्मा पुसला. मास्तर मात्र सरसावून बसले. निवृत्तीनंतर बाईंच्या मागे हिंडून हिंडून त्यांचे गुडघे कामातून गेले होते, पण हौस काही जात नव्हती.

मुलीचं म्हणणं साधं होतं. लॅबमध्ये तपासलेल्या काचेवरच्या गाठीची जनुकं वडिलांच्या रक्ताशी जुळत नव्हती. त्या दिवशी तपासलेल्या दुसऱ्या कुठल्या रुग्णाशीही जुळत नव्हती.

"मग आहे तरी कोणाची?" मास्तरांनी विचारलं.

"तेच तर कोणी सांगत नाही, काका."

लॅबमधले डॉक्टर डोळे चोळत बोलत होते. "नमुना एवढासा, तो चाचण्यांतच संपला. साध्या काचेवर नुसती सूज दिसली. खास रंग चढवला तेव्हा कुठे गाठ दिसली. हा प्रकारच दुर्मिळ आणि भराभर वाढणारा. जनुकवाले चुकले असतील. त्यांच्यासाठी थांबून माणूस गमावू?"

"रंग नीट चढला हे कसं कळतं?" बाईंनी विचारलं.

"त्याच काचेवर जोडीला एक निरोगी तुकडा ठेवतो, लेबलला लागून. तोही अन्ननलिकेचाच."

तो तुकडा कोणाचा, हे लॅबमधल्या जुन्या तंत्रज्ञाने चहा देता देता सांगितलं. सगळे त्यांना भाऊ म्हणत. "माझाच की! मागे ॲसिडिटीसाठी दुर्बीण घालून तुकडा काढला होता, सगळं छान निघालं. म्हटलं, आयता माल वाया कशाला घालवा? मेणाच्या ठोकळ्यात बसवलाय. लागेल तसा पातळ काप काढायचा. आता पार खोलवर आलोय. या इमारतीतला सगळ्यात निरोगी घसा आहे, मास्तर."

हसत हसत भाऊंनी बिस्किट चहात पार विरघळवलं आणि वर पाणी पिऊन कसंबसं गिळलं. त्यांच्या पट्ट्याला नवं भोक पाडलेलं होतं. मास्तरांना स्वतःच्या पोटाची लाज वाटली.

"ही काच तुम्हीच केली?"

"छे. त्या दिवशी ॲसिडिटीने बेजार होतो, रजा टाकली. बदलीवर ताई आल्या होत्या."

बदलीच्या ताई आधीच रडकुंडीला आलेल्या. "मी नमुने बदलले नाहीत हो. एका वेळी एकच डबी उघडते. आमच्या जुन्या लॅबमध्ये रुग्णाला पहिला मान, लेबलपाशी. हाताला तीच सवय. इथल्या रीती अंगवळणी पडायला वेळ लागला, पण असला घोळ मी करणार नाही."

"हिनेच केलंय," मास्तर कुजबुजले.

"मास्तर, जरा दम धरा."

संध्याकाळी बाईंनी सगळ्यांना डॉक्टरांच्या खोलीत बसवलं. त्यांचा आवाज थकलेला होता.

"नमुना कोणी बदलला नाही. काचेवर तुकडे दोन होते. ताईंनी सवयीने रुग्णाचा लेबलपाशी ठेवला आणि निरोगी म्हणून दिलेला खाली. डॉक्टर, तुम्ही इथल्या रीतीप्रमाणे खालचा रुग्णाचा समजलात. साध्या काचेवर जोडीचा तुकडा नसतोच, म्हणून तिथे सूज आणि खास काचेवर गाठ. लेबलपाशी आता बघा."

डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"नुसती सूज आहे," ते म्हणाले. "जनुकं जुळवून घेतो, पण... नुसती सूज."

मुलगी ओंजळीत तोंड लपवून रडू लागली. मास्तरांनाही हायसं वाटलं. मग त्यांच्या डोक्यात उशिरा का होईना प्रकाश पडला.

"पण बाई, खालचा तुकडा तर निरोगी—"

"वरून काप काढले तेव्हा निरोगी होता, मास्तर. ठोकळा खोल कापत गेले तसं आतलं दिसायला लागलं. निरोगी म्हणून ठेवलेल्या तुकड्याकडे निरखून कोण बघणार?" बाई दाराकडे वळल्या. पुढचं बोलणं त्यांच्या जिवावर आलं होतं. "भाऊ, बिस्किट किती दिवसांपासून गिळवत नाहीये?"

भाऊ दाराशी रिकामे कप घेऊन उभे होते. त्यांनी कप सावकाश टेबलावर ठेवले.

"मला वाटलं, ॲसिडिटी," ते म्हणाले.

मुलीने डोळे पुसले आणि उठून त्यांना आपली खुर्ची दिली. ते बसले.

"डॉक्टर, यांच्या वडिलांची उद्याची वेळ रद्द करून टाकतो," भाऊ सवयीने म्हणाले. "शस्त्रक्रियेवाल्यांना खाली फोन करायला हवा."

डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"नाव फक्त बदलायला सांगू, भाऊ. उद्या ते तुम्हाला तपासतील."