लाखेचा लाल

"चार वाजता माझी शाल यादीतून काढणार आहेत, बेन!"

जिवी वणकर दारातूनच ओरडली. भुजच्या इलाबेन अंताणींनी ताकाचा ग्लास खाली ठेवला आणि घड्याळाकडे पाहिलं. सव्वाबारा.

"कोण काढतंय? का?"

जिवीनं येरझारा घालतच सांगितलं. भुजोडीत घरच्या हातमागावर तिनं पाच महिने एक शाल विणली होती. मोठ्या प्रदर्शनासाठी ती निवडलीही गेली होती, तीसुद्धा नुसत्या पेन्सिलीच्या आखणीवरून. अट एकच, काम आधी कुठेही झळकलेलं नको. आणि काल एका निनावी पानावर शालीचा फोटो आला! कुणीतरी प्रदर्शनाच्या अध्यक्षांना लगेच फोनही केला.

"सगळे म्हणतायत, मीच टाकला. आता राखीव यादीतली बाई माझ्या जागी येईल. आमच्या घरात मागावर बसलेली पहिली मुलगी मी. काका म्हणतीलच, बघा, पोरींना जमत नाही!"

इलाबेननी फोनवर ते पान उघडलं. फोटोतली शाल विटकरी, मळकट दिसत होती.

"रंग असाच आहे?"

"छे हो! लाखेपासून काढलेला लाल रंग आहे तो." जिवीनं बगलेतलं गाठोडं सोडलं आणि खोलीच उजळली.

शेजारचे हसितभाई इलाबेनना प्रत्येक तपासाला स्कूटरवरून न्यायचे, आणि प्रत्येक वेळी चुकीचा माणूस पकडायचे. "फोटो काढला त्यानंच चोरला," ते किल्ली फिरवत म्हणाले. "उघड आहे!"

"स्कूटर काढा आधी."

फोटोवाला मेहुल ते पान बघून चिडलाच. "हा माझाच फोटो, पण असा? अहो, मी दोन प्रती करतो. फोनसाठी लहान करतो, कडा ठळक करतो, रंग फोनला वाचता येतील असे बदलतो. छपाईची प्रत वेगळी. तिच्यात रंग ठासून भरलेले असतात, पण ती तशीच नेटवर टाकली की रंग मरतात."

"कोणती प्रत कुणाला दिली?"

"फोनची जिवीला आणि भावेशला. छपाईची पेनड्राइव्हमध्ये घालून प्रदर्शनाच्या कचेरीत दिली, पुस्तिकेसाठी."

भावेश म्हणजे जिवीचा चुलतभाऊ. जिवीला सोबत बघूनही तो मागावरून उठलाच नाही. "ये, ये, पोलीस घेऊनच आलीस? फोटो आहे माझ्याकडे. हा घ्या." फोनवर लाल रंग नुसता पेटला होता. "ही मोठी झाली तर मला जड जाईल, खरंय. पण नाव घराचंच होणार ना, वेडे!"

"हाच तो," हसितभाई बाहेर येऊन कुजबुजले. "कबूलही केलं त्यानं!"

इलाबेननी घड्याळ पाहिलं. पावणेतीन झाले होते.

कचेरीत व्यवस्थापक फाल्गुनीबेननी त्यांना सरबत दिलं. "फोटो बाहेर आला, एवढंच अध्यक्षांनी मला सांगितलं. ते पान मी पाहिलेलं नाही, शालही नाही. पेनड्राइव्ह आला तसा पाकिटात, माझ्या कपाटात. किल्ली माझ्याचकडे असते. उद्या छापखान्यात जाईल. बिचारी जिवी! इतकी मेहनत घेऊन विणलेली ती विटकरी शाल!"

इलाबेननी सरबत एका घोटात संपवलं. "राखीव यादीत पहिलं नाव कुणाचं?"

"भानुबेन म्हणून आहेत एक," फाल्गुनीबेन कागद आवरत म्हणाल्या.

चार वाजता समितीसमोर जिवी नखं खात उभी होती. इलाबेन अध्यक्ष वेलजीबापांकडे वळल्या.

"बापा, नेटवरच्या फोटोत रंग मेलेत. म्हणजे ती छपाईची प्रत आहे, तशीच उचलून टाकलेली. मेहुल तसं कधीच करणार नाही, त्याचा धंदाच रंग जपण्याचा आहे. जिवी आणि भावेशकडे ती प्रत नाहीच."

"मुद्दाम फिका केला असेल तर?" हसितभाईंनी विचारलं.

"आपल्यावर आळ येऊ नये म्हणून? त्यासाठी दोन प्रतींतला फरक माहीत हवा. ज्यानं टाकला त्याला तो माहीतच नव्हता. शाल अशीच असते, असं त्याला वाटलं." त्या थांबल्या. "फाल्गुनीबेन, तुम्ही शाल पाहिली नाही, पान पाहिलं नाही, पाकीट उघडलं नाही. आखणी पेन्सिलीची. मग शाल विटकरी आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

फाल्गुनीबेननी हातातले कागद खाली ठेवले.

"भानुबेन माझी नणंद," फाल्गुनीबेन अखेर पुटपुटल्या. "सात वर्षं राखीव यादीत. घरी रोज ऐकवतात, कचेरीत बसून काय उपटतेस? फोटो मीच टाकला. बापांना फोनही मीच करवला."

"अट आमच्याच माणसानं मोडली," वेलजीबापा म्हणाले. "शाल राहील. आणि फाल्गुनीबेन, तुमच्या चाव्या इथे ठेवा."

हसितभाईंनी टाळी वाजवली. जिवी मात्र तरातरा पुढे गेली.

"ते पान आत्ता काढा, माझ्यासमोर! बघणाऱ्याला वाटेल, जिवीला रंगच चढवता येत नाही!"

फोटो गेला. जिवीनं स्वतःच्या फोनवर दोनदा उघडून खात्री केली, मग गाठोडं सोडून शाल वेलजीबापांच्या हातात ठेवली.

"कुठे टांगताय ते दाखवा," ती म्हणाली. "आणि दिवा पांढरा लावा, पिवळा नाही!"