मधली पायरी

गुलाब भिलाईच्या कारखान्यात वेल्डर. लोखंड तो हवं तसं वाकवायचा, पण लाकडाशी त्याची कधी ओळख नव्हती. तरी त्या उन्हाळ्यात त्याने घरच्या लोखंडी जिन्याला लाकडी पायऱ्या बसवायला घेतल्या. वरच्या खोलीत त्याची बाळंतीण बायको दिपाली आणि तान्ही लेक होती. जिन्यावर पाय पडला की पत्रा खणखणायचा आणि पोर दचकून उठायची. दिपालीला दूध येत नव्हतं, वरचं दूध पोरीच्या पोटात ठरत नव्हतं. बारसं व्हायच्या आधीच ती वाळत चालली होती. डॉक्टर झाले, औषधं झाली. निदान तिची झोप मोडू नये, एवढंच बापाच्या हातात उरलं होतं.

सुपेल्याच्या भंगार बाजारातून त्याने कुणाच्या तरी पाडलेल्या घराचं जुनं सागवान आणलं. एका रुंद फळीत खिळ्यांची दाट रांग होती, डोकी हळदीने माखलेली. सुताराने आधी विचारलं असतं की हे कशाला मारले असतील. गुलाबने विचारलं नाही. भंगार एकदा भट्टीत गेलं की ते कुणाचं होतं हे कोण बघतं, हीच त्याची आयुष्यभराची सवय. पकडीने खिळे उपटले, रंधा मारून हळद घालवली आणि फळी जिन्याच्या मध्यावर बसवली. हौसेला मोल नसतं. काम झाल्यावर तो त्या पायरीवरून कौतुकाने हात फिरवत बसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली होती. गुलाबची आई कौशल्या खाली तांदूळ निवडत होती, तो शेजारी हत्यारं आवरत होता. वर पोर रडत होती, पण तिचा आवाजही आता धड निघत नव्हता. तेवढ्यात भिंतीआडच्या जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, ओल्या पायांची. मध्यावर लाकूड करकरलं, पावलं जरा थांबली, मग वर गेली. रडणं बंद झालं.

"दिपाली गेली वाटते," गुलाब म्हणाला.

न्हाणीचं दार उघडलं. दिपाली केस पुसत बाहेर आली. "पोरगी चूप कशी झाली? कोन हाय वर?"

कौशल्या उठून जिन्याशी गेली. मधल्या पायरीतल्या भोकांवरून तिने बोट फिरवलं.

"गुलाब… हा उंबरठा व्हय रे. याचे खिळे कुठं हायेत?"

"काढले, माय. रंधा चालून नव्हता राहिला."

"बाळंतपनात गेलेली बाई लेकरासाठी वापस येते… तिनं ओलांडू नये म्हनून ठोकतेत ते. अन् तू…"

गुलाबचं डोकं चालेना. वर धावायचं सोडून हाताला जे येत होतं तेच तो करत सुटला. अरुंद जिन्यात बसून त्याने खिळे जुन्याच भोकांत ठोकायला घेतले. दिपाली मागून त्याचा सदरा ओढत होती, तिला वर जायला वाट नव्हती.

"झालं," तो धापा टाकत म्हणाला. "आता नाही येत ते बाई."

कौशल्या वर बघत होती. वरून चुटूचुटू आवाज येत होता, उपाशी लेकरू दूध ओढतं तसा.

गुलाब धावला. खोलीत कुणी नव्हतं. झोळी हलत होती. पोर गाढ झोपली होती, पोट भरलेलं, ओठांच्या कडेला दूध. खरं सांगायचं तर क्षणभर त्याला आनंदच झाला. मग त्याने तिला उचललं आणि जिना उतरू लागला.

मधल्या पायरीच्या वर तो थांबला, खालून दिपालीने हात पुढे केले. ते त्याच्या मनगटांना लागलेसुद्धा. पोर मात्र खिळ्यांपलीकडे येईना. ओढली तर झोपेतच कळवळली.

"खिळे काढा," दिपाली रडत म्हणाली. "आई, पकड द्या त्यांले."

"काढले तं ते बाई जाईन," कौशल्या हळूच म्हणाली. "पन रिकाम्या हातानं कशाले जाईन…?"

दिपालीने हात मागे घेतले नाहीत. गुलाबचे हात भरून आले होते. ओढाताणीत पोरीच्या अंगावरचं दुपटं घसरलं होतं. तिघं बघत असताना ते हळूच वर सरकलं आणि कुणीतरी ते तिच्या हनुवटीखाली नीट खोचलं.