ओल्या मातीतली तार

सन बासष्ट, माघातली अमावस्या. दिग्रसच्या पुढे, मोटारीचा रस्ता सोडून आत असलेल्या एका तांड्यावर हे घडलं. ज्याला खोटं म्हणायचं त्यानं खुशाल म्हणावं. पण नरहर मास्तरांनी या गोष्टीला जन्मभर कोणाला हसू दिलं नाही.

तांड्याच्या शाळेला सरकारी रेडिओ मिळाला होता, बॅटरीवरचा. दुपारी नागपूरहून पाठ लागायचा. रेडिओतल्या बाई एक वाक्य म्हणून थांबत आणि पोरांनी ते मागून म्हणायचं. पण माघ लागला, जमीन भेगाळली, आणि रेडिओ नुसता खरखरू लागला. त्याची एक तार झाडावर असते, दुसरी लोखंडी सळईला बांधून जमिनीत ठोकतात. जमीन कोरडी, की आवाज मेला. दुसऱ्या दिवशी साहेब तपासणीला येणार होते. रेडिओ बोलला तर राहील, नाही तर जीपमध्ये घालून दुसऱ्या शाळेला नेतील, असा हुकूमच होता.

रात्री मास्तर कंदील घेऊन ओल शोधत निघाले. शाळेमागे पळसाखाली हातभर जागा ओलीकाळी दिसली. बाकी सगळा दगड, आणि इथंच ओल कशी? घाईतल्या माणसाला एवढं कुठलं सुचायला! त्यांनी सळई ठोकली. लोण्यात गेल्यासारखी गेली.

आत येऊन बटण फिरवलं. बातम्या लागल्या, अगदी स्वच्छ.

"...बाजारात कापसाची आवक वाढली आहे."

"कापसाची आवक वाढली आहे," रेडिओतूनच कोणीतरी बारीक आवाजात म्हटलं.

दुसरं स्टेशन घुसलं असेल, मास्तरांना वाटलं. पुढचं वाक्य झालं. मागून पुन्हा तोच आवाज. मुलीचा.

मास्तरांनी बटण बंद केलं. बातम्या थांबल्या.

"मास्तर... पुढचं?"

आवाज ओळखीचा होता. पावसाळाभर धाकट्या भावाला कडेवर घेऊन एक पोर दाराशी उभी राहायची, आतली पोरं म्हणतील ते बाहेरून म्हणायची. सोनी. आत ये, एवढे दोन शब्द मास्तरांच्या तोंडून कधी निघाले नाहीत. पोरगी भाऊ सांभाळायलाच जन्मते, असं सगळ्यांनी धरून ठेवलेलं! दिवाळीच्या सुट्टीत मास्तर यवतमाळला घरी गेले आणि इकडे ती तापानं गेली.

दार वाजलं. सोनीची आई, धनीबाई.

"मास्तर, काहून हाक मारली माह्या पोरीले?"

"मी नाही मारली, धनीबाई."

"मंग बोलून काहून राह्यली थे? मले घरात आयकू आलं."

मास्तरांनी कसंबसं विचारलं, "तिला... जाळलं कुठं?"

"जाळलं? लगीन नाही झालेलं लेकरू आमच्यात जाळत नाही, मातीत ठेवतात. पळसाखाली हाय. तहान लागंन म्हून रोज तांब्याभर पानी घालते मी."

मास्तरांनी सळईचं सांगून टाकलं.

धनीबाईनं रेडिओ दोन्ही हातांनी कवटाळला. "राहू द्या थे सळई. बोलू द्या तिले. तुमच्या सायबालेही आयकू द्या!"

आणि मास्तरांना ते पटलं. सळई राहिली तर रेडिओ राहत होता.

रेडिओ गप्प. दोघं त्याला कान लावून बसली.

"याडी..." रेडिओतून आईला हाक आली.

"काय वं माय? तुही याडी इथंच हाय."

"याडी... टोचते."

मास्तर पळतच सुटले. लोण्यात गेलेली सळई आता निघेना. धनीबाईनंही हात लावला. ओढली... ओढली... निघाली. दोघांनी तळहातांनी माती दाबली.

दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर रेडिओ खरखरला.

"अहो मास्तर, ओल पाहून सळई ठोकायची! एवढंही कळत नाही?"

मास्तरांनी पळसाकडे पाहिलंसुद्धा नाही. जीप रेडिओ घेऊन गेली.

त्याच्या पुढच्या दुपारी पाठाची वेळ झाली. टेबल रिकामं.

"पोरांनो, आज पाठ नाही. पाढे म्हणा."

कोणी हललं नाही. सगळ्यांच्या माना टेबलाकडे.

मग पोरं एका सुरात म्हणाली, "समुद्राचे पाणी खारट असते."

थांबली.

"त्या पाण्यापासून मीठ तयार करतात."

पुन्हा थांबली...

"अरे, कोण सांगतंय तुम्हाला?"

पोरांनी ओठांवर बोट ठेवून मास्तरांनाच गप्प केलं. एकानं मागच्या पळसाकडे बोट दाखवलं.

बाजाराच्या दिवशी मास्तर दिग्रसला गेले. तिथल्या शाळेत रेडिओ होता. तिथल्या गुरुजींना त्यांनी एवढंच विचारलं, त्या दुपारी नागपूरहून कोणता पाठ लागला होता?

"मिठाचा," गुरुजी म्हणाले. "काहून?"