खांबामागचं टेबल

आमचं टेबल खांबाच्या मागे आलं होतं. कोट काढायच्या आधीच ते रुफिनोच्या लक्षात आलं, आणि मी मनात म्हटलं, झालं, आता जेवण संपेपर्यंत खांब.

"म्हातारे, आपण नाच बघायला आलोय की खांब?"

डोंगरातल्या आमच्या बेलेनहून ब्यूनोस आयर्सला येईपर्यंत माझं बोलणं संपलं होतं. बसची सीट आधी फार मागे जात होती, मग अजिबात जात नव्हती. हॉटेलची लिफ्ट माणसांसाठी नव्हे, सुटकेसांसाठी केलेली होती. राजधानीतल्या पावाला चव नव्हती. त्याच्या हृदयाच्या तपासणीसाठी आम्ही दर वर्षी येतो, दर वर्षी हा पाव बेचव असतो आणि दर वर्षी तो टोपली रिकामी करतो. या वेळी आमच्या लेकीनं, नोएमीनं, लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून सान तेल्मो भागातल्या या जुन्या नाचघराची तिकिटं काढून दिली होती. जेवण, टँगो, आणि शेवटी आमच्या डोंगराकडचे नाच. डॉक्टरकडे सोमवारी जायचं होतं. तोवर मजा करा, म्हणाली. रुफिनोबरोबर.

दालन लांबट होतं, पूर्वी कसलं तरी गोदाम असावं. विटांचे चौकोनी खांब, भिंतींवर गडद लाल कापड, आणि टेबलं इतकी खेटून की शेजारच्या टेबलावरच्या ब्राझीलच्या बाईचं कोपर माझ्या पाठीला लागत होतं. भाजलेल्या मांसाचा, फरशीच्या मेणाचा आणि पडद्यांत मुरलेल्या धुळीचा वास येत होता. समोर बुटका रंगमंच, त्याच्यापुढे नाचायला मोकळी फरशी. आमच्या आणि त्या फरशीच्या मधोमध तो खांब. त्याच्याआड दोन माणसं सहज दिसेनाशी झाली असती.

शुक्रवार होता, म्हणून वेटरनं माझ्यापुढे भोपळा भरलेले रॅव्हिओली ठेवले. रुफिनोपुढे मांस.

"चामडं आहे," पहिला तुकडा तोंडात असतानाच तो म्हणाला. "तुझी व्रतं पाळणारी माणसं असतील स्वयंपाकघरात. गाय मेली त्याचं दुःख करत बसली आणि भाजायला विसरली."

व्रतं माझी आहेतच. पहाटे मेणबत्ती, तिन्हीसांजेला जपमाळ, शुक्रवारी मांस नाही. ही सगळ्यांना माहीत आहेत. एक मात्र मी कुणाला सांगितलेलं नाही. रुफिनोची छाती उघडली त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर बसून मी आमच्या खोऱ्याच्या मातेला म्हटलं होतं, माझा म्हातारा मला घरी नेऊ दे, मी पुन्हा नाचणार नाही. नाचाखेरीज माझ्याकडे द्यायला दुसरं काही नव्हतं. तेव्हापासून लग्नात, कार्निव्हलात, कुठेही कुणी हात पुढे केला की मी दुखऱ्या गुडघ्यांचं कारण सांगते. रुफिनोलाही गुडघेच वाटतात. तो जगलाय तो त्या शब्दावर, हे मला माझ्या नावाइतकं पक्कं ठाऊक आहे. म्हणून त्याची कुरकुर मी ऐकून घेते. कुरकुरतोय म्हणजे श्वास चालू आहे.

दिवे मंद झाले. बँडोनियनच्या भात्यानं पहिला सूर ओढला आणि खांबाच्या डावीकडून एक पाय, उजवीकडून एक हात असा टँगो आम्हाला दिसू लागला. रुफिनोला तेवढ्यावर भागेना. त्यानं ब्राझीलच्या बाईला आमच्या लग्नाची गोष्ट सांगायला घेतली. मोठ्यानं बोललं की स्पॅनिशची पोर्तुगीज होते अशी त्याची समजूत आहे.

ही गोष्ट आमच्या घरी प्रत्येक बारशाला होते. तरुणपणी आम्ही दोघं याच शहरात कामाला होतो, तो गवंडी आणि मी एका घरात धुणीभांड्याला. रविवारी आपापल्या प्रांताच्या लोकांच्या नाचाला जायचं. बायका एका भिंतीला, पुरुष समोरच्या. तोंडानं कुणी विचारायचं नाही. पुरुषानं लांबूनच नजर धरायची, बाईला मान्य असेल तर तिनं मान हलवायची, नसेल तर दुसरीकडे बघायचं. आणि एकदा मान हलवली की हलवली. पाय दुखो, घर पेटो, ती फेरी नाचायचीच. मान हलवून जी उठली नाही तिच्याकडे त्या दालनात पुन्हा कुणी बघत नसे.

"हिनं मान हलवली ती माझ्या मागच्या माणसाला," रुफिनो सांगत होता. "मी मध्ये. मला काय माहीत? मी गेलो, हिचा हात धरला, आणि ही बिचारी लाजेपोटी नाचली. अजून नाचतेय."

"आणि तो मागचा?" बाईनं विचारलं.

"तो? तो निघाला असेल, आणि अर्ध्या वाटेत थांबला असेल. अजून उभा असेल तिथेच."

बाई हसली. मीही हसले, सवयीनं. रुफिनोनं त्या माणसाला पाहिलंच नव्हतं, त्याची पाठ होती. मी पाहिलं होतं. राखाडी सूट, वरच्या खिशात पांढरा रुमाल, आणि कार्निव्हलात आम्ही खोवतो तशी कानामागे सब्जाची डहाळी. म्हणून तर मला कळलं होतं की हा आमच्याकडचा. फरशीच्या मधोमध तो थांबला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. फेरी संपेपर्यंत तो तिथून हलला नाही, जोडपी त्याला वळसा घालून जात होती. पुढे तो मला कधी कुठे दिसला नाही.

सब्जाचा वास मला तेव्हाच आला. वाटलं, आठवणीचा असेल. मग वाटलं, रॅव्हिओलीवर पानं घातली असतील. काट्यानं उलटून पाहिलं. पानं नव्हती.

टँगोची पहिली जोडी वाकून गेली, दिवे जरा वर आले, आणि पलीकडच्या भिंतीलगतच्या टेबलावर मला एक राखाडी सूट दिसला. एकटाच माणूस, पुढ्यात ताट नाही, पेला नाही. राजधानीत राखाडी सुटांना काय तोटा, असं म्हणून मी पाणी प्यायले.

पुढचा नाच झाला. दिवे वर आले तेव्हा तो अलीकडच्या टेबलावर होता. तिथे एक जोडपं जेवत होतं. त्यांनी त्याच्याकडे मान वळवली नाही. बाईनं मीठ उचललं ते त्याच्यापुढून, रिकाम्या खुर्चीपुढून उचलावं तसं.

शेवटी गावाकडचे नाच आहेत, त्या कंपनीतला असेल, मी स्वतःला समजावलं. अशी माणसं पाहुण्यांत बसवून ठेवतात आणि मग अचानक उठवतात. वेटर पाणी घेऊन आला तेव्हा त्याला तसं विचारलंसुद्धा. त्यानं तिकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"त्या टेबलावर दोघंच आहेत, बाई."

इकडे रुफिनोनं टेबलाखाली बूट काढले होते. नोएमीनं घेतलेले नवे बूट, ते चावत होते. "पोरीला माझ्या पायाचं माप माहीत नाही. पाय आहेत हे तरी माहीत आहे का विचार." ढोल सुरू झाले. गाऊचो गुराख्यांच्या वेशातली मुलं टाचा आपटत आली, गोफणीचे गोळे फरशीवर ठोकू लागली, पेले थरथरले. त्या आवाजावर आवाज चढवून रुफिनो मांसाबद्दल, बुटांबद्दल, खांबाबद्दल आणि सोमवारच्या डॉक्टरबद्दल एकाच दमात बोलत होता. डॉक्टर पोरगा आहे. त्याचे हात गार असतात. गेल्या वर्षी त्यानं...

मी त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत होते. इतक्या वर्षांत मी हे शिकले आहे, ऐकायचं नसेल तेव्हा खांद्यावरून बघायचं.

"ऐकतेयस ना, म्हातारे?"

मी मान हलवली.

रुफिनोच्या खांद्यापलीकडे, आता अगदी शेजारच्या टेबलावर, तो बसला होता. त्याची नजर माझ्या नजरेत होती. किती वेळापासून होती, देव जाणे.

चेहरा तोच होता. तोच म्हणजे तेवढाच, एका दिवसानंही न वाढलेला. कानामागची डहाळी ताजी होती.

तो उठला.

मी खाली टेबलक्लॉथकडे पाहिलं आणि झग्याच्या खिशात जपमाळ चाचपली. माते, मी त्याला मान हलवली नाही. माते, मी नाचणार नाही, माझा म्हातारा समोर बसलाय, त्याला राहू दे. रंगमंचावरच्या निवेदकानं पाहुण्यांना सांबा नाचायला बोलावलं. आमचा सांबा, ब्राझीलचा नव्हे. हातात रुमाल घेऊन समोरासमोर, एकमेकांना न शिवता फिरायचं. गिटारीवर ओळखीची सुरावट आली आणि माझे पाय टेबलाखाली आपोआप जुळले. ते मी घट्ट दाबून धरले.

"कोण आहे गं तो?" रुफिनोनं मागे वळून विचारलं. त्याला दिसत होता.

"कोणी नाही. बघू नकोस."

"तुझ्याकडेच येतोय." रुफिनोनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. "तोच का?"

मी मान हलवली नाही.

"नाचायचं नाही ना तुला?"

"नाही."

"मग बस. तुझे गुडघे दुखतात, मी सांगतो त्याला." त्यानं मांडीवरचा जेवणाचा रुमाल उचलला. "मांस चामड्याचं, टेबल खांबामागे, वर हा एक. पैसे परत मागितले पाहिजेत." तसाच मोज्यांवर उठला आणि आमच्या दोघांच्या मध्ये जाऊन उभा राहिला, तरुणपणी राहिला होता तसाच, फक्त या वेळी तोंड त्याच्याकडे करून.

मी त्याची बाही धरायला हात पुढे केला. बोटांना नुसतं कापड लागलं.

ते काय बोलले ते ढोलात ऐकू आलं नाही. रुफिनोनं रुमाल वर धरला. दुसऱ्यानंही धरला.

फरशीवर आणखी जोडपी होती. हे दोघं त्यांच्यातून गोल फिरत गेले, समोरासमोर. माझा म्हातारा मोज्यांवर इतका हलका नाचत होता की ब्राझीलच्या बाईनं टाळ्या वाजवल्या.

खांबाच्या डावीकडून दोघं आड गेले. उजवीकडून दोघं बाहेर आले.

पुन्हा डावीकडून आड गेले.

सुरावट संपत आली. शेवटच्या ठोक्याला पुरुषानं रुमाल बाईच्या खांद्यांवर टाकायचा असतो.

ठोका पडला.

खांबाच्या उजवीकडून रुफिनो बाहेर आला. एकटा.

टाळ्या चालू होत्या. तो येऊन खुर्चीवर बसला, पाठ ताठ ठेवून. टेबलाखाली पाय घातले, आणि ते नव्या बुटांत अलगद सरकले. त्यानं सुरी घेतली, मांस कापलं, चावलं.

"छान शिजलंय," तो म्हणाला.

मी त्याच्या हाताकडे पाहिलं. रुमाल त्यानं ताटाशेजारी घडी करून ठेवला होता. जेवणाचा नव्हता तो. पातळ, पांढरा, घड्यांच्या जागी पिवळसर झालेला. सब्जाचा वास त्याला होता.

"तो काय म्हणाला?" मी विचारलं.

"कोण, क्लेमेन्तिना?"

रुफिनोनं मला कधीच नावानं हाक मारली नव्हती. लग्नातसुद्धा नव्हती. पंचविशीतही मी त्याची म्हातारीच होते.

निघताना मी खांबाला वळसा घालून आले. कोट सापडत नाही असं सांगून दोनदा आले. मागे नुसती मेण लावलेली फरशी होती, आणि खांबाच्या बुंध्याशी जेवणाचा एक रुमाल पडला होता, त्यावर मांसाच्या रसाचा डाग. वेटरनं तो उचलून इतर मळक्या कापडांत टाकला.

सोमवारी डॉक्टरनं बराच वेळ छातीला नळी लावून ऐकलं. या वयात इतकं तरुण हृदय ऐकलं नाही म्हणाला. त्याचे हात गार होते. रुफिनोनं त्याचे आभार मानले.

आता आम्ही घरी आहोत. नोएमी म्हणते, आई, बाबा किती शांत झालेत, तुझ्या प्रार्थनांना यश आलं. पाव पुढे ठेवला की तो खातो. बस उशिरा आली की थांबतो. परवा मी मुद्दाम डाळीत मीठ घातलं नाही. त्यानं ताट पुसून खाल्लं आणि मी स्वयंपाकघरात येऊन तोंडात एप्रनचा बोळा कोंबून रडले. मातेपुढे मी काय तक्रार करणार? घरी नेऊ दे म्हटलं होतं. आणलं आहे. नवस मी अजून पाळते. कुणासाठी, ते तिला ठाऊक.

तिन्हीसांजेला जपमाळ संपवून डोळे उघडते तेव्हा तो समोरच्या भिंतीला खुर्ची लावून बसलेला असतो, हात गुडघ्यांवर ठेवून. काही मागत नाही. नुसता बघतो. मी हल्ली कशालाच मान हलवत नाही. हो म्हणायचं झालं तर तोंडानं म्हणते, आणि तेही खिडकीकडे बघून.

काल खुर्ची भिंतीला नव्हती. थोडी पुढे आली होती.