खुळखुळ्याचे उलटे आटे

"सांगाडा सापडला! मामा, सांगाडा सापडला!"

खार ओरडत दुकानात शिरली, तेव्हा स्टुलावर बसलेले इस्त्रीवाले काका उडालेच. "अरे देवा! कुणाचा? पोलिसांना कळवलं का?"

"सायकलचा हो, काका!" तिच्या मागून धापा टाकत आलेला उंट म्हणाला. "फ्रेम! हिच्या भाषेत सांगाडा."

"मग असं नीट सांगा की! इथे माझाच सांगाडा व्हायची वेळ आली होती."

मामा खदखदून हसला. खारीला 'खार' हे नाव त्यानेच ठेवलं होतं. तेरा वर्षांच्या या मुलीचे खिसे कायम नट, वॉशर आणि बेअरिंगच्या छर्‍यांनी फुगलेले. तिच्या वर्गातला उंट नावाप्रमाणे उंच आणि सावकाश विचार करणारा. तिचा धाकटा भाऊ टमटम मात्र विचारबिचार न करता बोलायचा. सुट्टी लागल्यापासून तिघांचा मुक्काम मामाच्या सायकल दुकानात होता. तिथल्या टेबलाखाली एका खोक्यात खारीची सायकल तुकड्या-तुकड्यांनी जमत होती. हँडल होतं, दोन चाकं होती, साखळी होती, आणि सीट तर चक्क दोन होत्या. नव्हती फक्त फ्रेम. नवी घ्यायला परवडत नव्हती. जुन्या मिळत, पण त्यांतली धड असलेली महाग आणि स्वस्त असलेली मोडकी.

आणि फ्रेम तर हवीच होती. सुट्टीच्या शेवटच्या रविवारी शाळेची सायकल सहल धरणापर्यंत जायची. ज्यांच्याकडे सायकल नाही त्यांनी टेम्पोतून यायचं, जेवणाच्या डब्यांबरोबर. मागच्या वर्षी चढावर सगळे घामाघूम होऊन आरडाओरडा करत होते आणि खार टेम्पोत बसून चाळीस डबे सांभाळत होती. यंदा टेम्पोत बसायचं नाही, असं तिने आरशासमोर उभं राहून स्वतःला बजावलं होतं.

"कुठे सापडली?" मामाने विचारलं.

"शिट्टीबाईंच्या परसात! भिंतीला टेकवलीय, वर वेल चढलाय. त्या म्हणाल्या, तुझ्या साठवणीच्या डब्यात असतील नसतील तेवढे पैसे दे आणि ने. मामा, मी टिचकी मारून बघितली. टण्ण वाजली! आणि सांध्यांवर पानासारखी नक्षी आहे. खाली बारीक अक्षरांत बनवणार्‍याचं नाव कोरलंय."

मामाच्या हातातला पाना थांबला. "अक्षरं? बरं. आणखी कुणाला सांगितलंस?"

"फक्त तुला! तू बघून सांग ना, चांगली आहे का."

तेवढ्यात आई मामाचा डबा घेऊन आली. "अगं, मामाला अरेतुरे काय करतेस? मोठा आहे तो. तुम्ही म्हणावं."

"राहू दे गं, ताई!" मामा म्हणाला. "तुम्ही म्हणायला मी काय तिचा हेडमास्तर आहे?"

दुसर्‍या दिवशी मामा फ्रेम बघून आला. येताना त्याचं तोंड उतरलेलं होतं. "खारुताई, नाद सोड. नळी आतून पार कुजलीय. उतारावर मोडली तर दात हातात येतील."

"पण टण्ण वाजली!"

"अगं, पोकळ आहे म्हणून वाजली. मी शोधतो ना दुसरी. माझ्यावर विश्वास आहे की नाही?"

होता. म्हणून तर खारीने वाद घातला नाही. घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडली, पण मामाला दोष द्यावा असं तिच्या मनातही आलं नाही.

चौथ्या दिवशी टमटमचा चेंडू शिट्टीबाईंच्या परसात गेला. बाई पूर्वी शाळेत खेळ शिकवायच्या. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, तरी गळ्यातली शिट्टी काही सुटली नव्हती. चेंडू आणायला गेलेला टमटम रिकाम्या हातांनी धावत आला.

"ताई! वेल काठीवर चढलाय! फ्रेम गायब!"

तिघं आत गेली. बाई खुशीत होत्या. "काय गं, जोडली का सायकल? मामा तुझा भला माणूस! 'भाचीला द्यायचीय' म्हणाला, मग मी पैसे कसले घेते? म्हटलं, ने फुकट!"

तिघांनी चमकून एकमेकांकडे बघितलं. 

बाहेर आल्यावर खार एकदम उजळली. "कळलं! सरप्राइज! मामा मला गुपचूप सायकल जोडून देणार आहे. म्हणून कुजलीय म्हणाला!"

"हं," उंट म्हणाला.

"हं काय? तो माझा मामा आहे!"

"मी कुठे काय म्हटलं? हं म्हटलं फक्त."

दोन दिवस खार हवेत होती. दुकानात मागच्या खोलीत गोणपाटाखाली काहीतरी झाकलेलं होतं आणि शेजारच्या काळ्या रंगाच्या डब्याचा वास येत होता. तिने तिकडे मुद्दाम बघितलं नाही. सरप्राइज आधीच बघितलं तर मामाला किती वाईट वाटेल!

गुरुवारी ती घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून पंक्चर शोधत होती. मागच्या खोलीत मामा फोनवर होता.

"अस्सल, साहेब! जुनं पोलाद, हाताने जोडलेली... नाही हो, इथली नाही. परगावच्या एका म्हातार्‍या शर्यतवाल्याकडून मिळवली. तीन महिने मागे लागलो होतो... हो, हो. शनिवारी सकाळी अकराला या."

ट्यूबमधून बुडबुडे येत होते. खार बघत राहिली. पंक्चर सापडलं होतं, पण खूण करायला तिचा हात उठेना. मामा तिच्याशी खोटं बोलला होता. तेही तिचंच नाव पुढे करून. केसाने गळा कापणे म्हणजे काय, हे तिने पुस्तकातून पाठ केलं होतं. त्याचा अर्थ तिला आज कळला.

"झालं का गं पंक्चर?" मामा हसत बाहेर आला.

"झालं," ती म्हणाली आणि मान वर केली नाही.

संध्याकाळी शिट्टीबाईंनी तिघांकडून सगळं ऐकलं आणि त्या तडक चपला घालायला उठल्या. "चल! आत्ताच्या आत्ता कान उपटते त्याचा!"

"नको, बाई!" उंट सावकाश म्हणाला. "आता गेलो तर तो म्हणेल, भाचीसाठीच आणलीय. विकताना सगळ्यांसमोर पकडायला हवा. पण फ्रेमला आता काळा रंग दिलाय. ती तुमचीच, हे ओळखायचं कसं?"

"रंगाचं काय घेऊन बसलास? ती वाजते!"

"टण्ण?" खारीने विचारलं.

"नाही, खुळखुळ! पहिल्या शर्यतीच्या दिवशी सीट बसवताना माझी माळ तुटली. सगळे मणी सापडले, एक सोडून. तो सीटच्या नळीतून आत गेला. तेव्हापासून वळणावर खुळखुळायचा. म्हणून सायकलचं नावच खुळखुळा! निळा मणी आहे. मामाला मी हे काही सांगितलं नव्हतं, त्याला फार घाई होती."

खारीच्या डोळ्यांत या आठवड्यात पहिल्यांदाच चमक आली. "तो मणी कसा बाहेर काढायचा ते मला माहीत आहे!"

शनिवारी अकराच्या ठोक्याला मोठी गाडी दुकानासमोर थांबली. गॉगल लावलेले एक गृहस्थ उतरले. जुन्या सायकली जमवायचा त्यांना नाद होता. मामाने चकचकीत काळी फ्रेम टेबलावर ठेवली. टमटम दाराशी चेंडूशी खेळत होता, खार आणि उंट छर्रे निवडत होते. मुलांकडे कोण लक्ष देतं? मोठ्यांची हीच तर खोड!

शिट्टीबाई हवा गेलेला एक चेंडू घेऊन आत आल्या. "जरा चेंडूत हवा भरून देता का?"

त्यांना बघून मामाचा चेहरा खर्रकन उतरला. "बाई, थोड्या वेळाने या ना."

"मला कसली घाई? बसते."

"काका, उचलून बघा ना!" टमटम गॉगलवाल्यांना म्हणाला. "खूप हलकी आहे!"

गृहस्थांनी फ्रेम उचलून तिरकी केली. खुळ-खुळ-खुळ!

"हे काय वाजतंय?"

"गंजाचा कण असेल, साहेब," मामा घाईने म्हणाला.

"निळा मणी आहे," शिट्टीबाई म्हणाल्या. "माझ्या माळेतला. फ्रेमही माझीच आहे."

"काहीतरीच काय!" मामा मोठ्याने हसला. "ही परगावची फ्रेम, साहेब. या बाईंनी ती आज पहिल्यांदाच बघितली!"

"मग उघडून बघू की," गृहस्थ म्हणाले. "पायडलच्या एक्सलच्या टोकाला झाकणासारखा असतो तो कप काढला की आतलं बाहेर पडेल."

"नाही निघत. डावा कप झिजून गुळगुळीत झालाय, पाना धरतच नाही. उजवा जाम आहे."

गृहस्थ हट्टी होते. त्यांनी बाही सरसावली, उजव्या कपाला पाना लावला आणि जोर काढला. लाल झाले, घामेजले. कप ढिम्म! मामा शांत उभा राहून बघत होता. ते चुकीच्या बाजूला फिरवतायत हे त्याला माहीत होतं, पण तो बोलला नाही.

"काका," खार उठली, "तुम्ही उलटं फिरवताय. म्हणजे सुलटं फिरवताय! उजव्या कपाचे आटे उलटे असतात. सगळं जग ज्या बाजूने सुटतं, त्या बाजूने हा आवळतो."

गृहस्थांनी गॉगल कपाळावर चढवला. "हे तुला कुणी शिकवलं?"

"मामाने."

तिने कपावर तेलाचे थेंब सोडले. पाना लावला, उंटाने फ्रेम घट्ट धरली. पान्याच्या दांड्यावर हातोडीचा एक ठोका, दुसरा ठोका... कर्र! कप हलला! तिने भराभर फिरवून तो काढला. एक्सल सरकला, ग्रीसने माखलेले छर्रे टपाटप खाली पसरलेल्या पेपरवर पडले, आणि त्यांच्यामागून घरंगळत काहीतरी काळं, वाटाण्याएवढं आलं. टमटमने ते शर्टाला पुसलं.

निळंशार!

फुर्रर्रर्र! शिट्टीबाईंनी अशी शिट्टी मारली की रस्त्यावरची माणसं थबकली.

गृहस्थ मामाकडे वळले. "तीन महिने मागे लागला होतात म्हणे?"

मामाने त्यांची नजर चुकवली. मग तो खारीकडेच वळला. "अगं, ऐक तरी! तुझ्यासाठीच करत होतो. या पैशात तुला नवीकोरी सायकल आली असती, दुकानाचं गळकं छतही दुरुस्त झालं असतं..."

"मग तसं सांगायचं होतंस!" खारीचा आवाज फाटला. "मी दिली असती! मी स्वतः बाईंना विचारलं असतं! कुजलीय का म्हणालास? मी रडले, मामा. आणि तुला वाईट वाटू नये म्हणून ते गोणपाट उचलून बघितलं नाही!"

मामाने मान खाली घातली. 

"फ्रेम हिची," शिट्टीबाई म्हणाल्या. "मी भाचीसाठी दिली होती, भाचीलाच मिळेल."

"बरोबर आहे," गृहस्थ म्हणाले. "मुली, मी आजवर पन्नास सायकली जमवल्या; पण हे आटे उलटे असतात हे आज तुझ्याकडून शिकलो. शाबास!"

मामा पुढे आला. "खारुताई, ये, बस. आपण दोघं जोडू. उद्याच्या सहलीआधी तयार करतो."

खारीने टेबलाखालचं खोकं ओढलं. एक बाजू उंटाने धरली. "नको. बाईंच्या परसात जोडीन. हा पाना घेऊन जाते, सोमवारी परत देईन." दारात ती थांबली आणि दोघांना हळूच म्हणाली, "आईला काही सांगायचं नाही. तिचा एकुलता एक भाऊ आहे तो."

टमटमने तोंडावर हात ठेवला, आणि जन्मात पहिल्यांदाच त्याने गुपित राखलं!

रविवारी टेम्पोत कोण होतं ठाऊक आहे? फक्त डबे! काळ्या सायकलवर खार चढ चढत गेली, वळणावळणावर खुळखुळ वाजवत. मणी तिने परत नळीत टाकला होता. धरणावर मुख्याध्यापकांनी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली. शिट्टीबाई तर प्रत्येकाला सांगत सुटल्या, "या पोरीने स्वतःच्या हातांनी जोडलीय!"

सोमवारी ती पाना परत द्यायला गेली. आई मामाचा डबा घेऊन आधीच आली होती. मामा घाईघाईने उठला, हात पुसले.

"कशी चालतेय गं?"

"छान चालते," खार म्हणाली. "तुम्ही शिकवलंत ना, त्यामुळे जमलं. हा तुमचा पाना."

"बघ!" आईचा चेहरा आनंदाने फुलला. "एका सुट्टीत किती शहाणी झाली माझी पोर! केव्हाची सांगत होते, मामाला तुम्ही म्हण. ऐकलंस का रे? तुम्ही म्हणाली तुला!"

"ऐकलं, ताई," मामा म्हणाला. पाना हातात घेऊन तो तसाच उभा राहिला.